दमा: पंप, प्राणायाम आणि कॅप्सूलमध्ये उरलेली पूड

खडूफळा
११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. मला लहानपणापासून दमा आहे, आता वय ४७. साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. आमच्या घरात हा आजार जुनाच. आजोबा धोत्र्याची वाळलेली पानं विडीसारखी ओढायचे आणि त्यांना घटकाभर मोकळं वाटायचं. आईने आयुष्यभर गोळ्या खाल्ल्या, तिचे हात सतत थरथरायचे. पंप माझ्या वाट्याला आला म्हणून मी नोकरी करू शकले, दोन मुलं वाढवू शकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

सध्या रोज सकाळ-संध्याकाळ रोटाहेलर (कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासाने ओढायचा पंप), पर्समध्ये अडीअडचणीला निळा पंप, आणि गेल्या दीड वर्षापासून पहाटे अर्धा तास प्राणायाम.

प्राणायामाने फरक पडला आणि चांगलाच पडला. पूर्वी धाप लागली की माझे खांदे कानापर्यंत यायचे. तोंडाने भराभरा श्वास घ्यायचे आणि कितीही घेतला तरी अपुराच वाटायचा. आमच्या वर्गातल्या बाईंनी पहिले पंधरा दिवस दुसरं काही करूच दिलं नाही. पोटावर हात, तोंड बंद, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावायचा, एवढंच. दोन महिन्यांत निळा पंप आठवड्यातून चार-पाचदा लागायचा तो महिन्यातून एक-दोनदा लागू लागला. शाळेचा जिना मधे न थांबता चढू लागले. रात्री झोप लागू लागली.

आता चूक सांगते. माझ्याकडे पीक फ्लो मीटर आहे. प्लॅस्टिकची नळी असते, जोरात फुंकलं की त्यावरचा काटा सरकतो. सकाळी औषध घेण्याआधी उभं राहून तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. माझा आजवरचा उत्तम आकडा ३८०. डॉक्टरांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय की ३०० च्या खाली गेलात तर वाट बघू नका, फोन करा.

जूनमध्ये आकडे ३७०-३८० होते. गणपतीत ३५० झाले. नवरात्रात ३२०. कोजागिरीच्या आदल्या सकाळी २९०. आणि या सगळ्या काळात मला कसलाही त्रास नव्हता! घरघर नाही, खोकला नाही, झोपमोड नाही. मला वाटलं मीटरच बिघडलं. मुलाला फुंकायला लावलं, त्याचा आकडा बरोबर आला. मग मात्र पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी छाती तपासली, वही चाळली आणि म्हणाले, "ताई, रोटाहेलर कसा घेता ते माझ्यासमोर करून दाखवा." बारा वर्षं घेतेय, मला काय विचारतात, असं क्षणभर वाटलं. पण घेतला. कॅप्सूल बसवली, फिरवली, तोंड बाजूला करून श्वास सोडला, ओठ घट्ट लावले आणि पोट भरत भरत, मनात सहापर्यंत मोजत, शांतपणे आत ओढला. अगदी आमच्या बाईंनी शिकवलाय तसा.

डॉक्टरांनी रोटाहेलर उघडून टेबलावरच्या दिव्याखाली धरला. कॅप्सूलच्या पारदर्शक भागाला आतून पांढरी पूड तशीच चिकटलेली होती. त्यांनी ती कागदावर टकटक करून पाडली. चिमूटभर ढीग झाला. "हे तुमच्या फुफ्फुसात जायला हवं होतं," म्हणाले.

तेव्हा मला कळलं. रोटाहेलरमध्ये पूड पुढे ढकलायला गॅस नसतो. तिथे आपली ओढच सगळं काम करते. पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढलं तरच पूड मोकळी होऊन बारीक नळ्यांपर्यंत पोचते. निळ्या फवाऱ्याच्या पंपाचं बरोबर उलटं: तो जोरात ओढला तर औषध घशावर आदळतं, म्हणून तिथे सावकाश. बारा वर्षांपूर्वी मला हे कुणीतरी सांगितलं असणार, आणि मी ते बरोबर करतही होते. पण दीड वर्ष रोज पहाटे मी शरीराला हळू श्वास शिकवला आणि तो हळूपणा नकळत रोटाहेलरमध्ये शिरला. निम्मंअधिक औषध मी रोज कचऱ्यात टाकत होते आणि प्राणायामामुळे मला बरंही वाटत होतं.

ते बरं वाटणं खोटं नव्हतं, हे मला आवर्जून लिहायचंय. प्राणायामाने माझी घाबरगुंडी घालवली, भरमसाट श्वास घ्यायची सवय घालवली. पण श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराची सूज उतरवायचं काम त्या पुडीचं होतं, आणि ती पोचतच नव्हती. मला आतून काही कळलं नाही. वहीला कळलं.

आता घेऊन झालं की दर वेळी कॅप्सूल उजेडात धरून बघते. पूड दिसली तर तीच पुन्हा एकदा ओढते. परवा आकडा ३६५ होता.

इथे पंप आणि श्वासाचे व्यायाम दोन्ही करणारे किती जण आहेत? तुमचा अनुभव लिहा. आणि हो, तुमची कॅप्सूलही एकदा उघडून बघा.

गोदाकाठ
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे तर पंपच बंद झाला होता.

वडील नांदेडचे, वय ६८, तीस वर्षांचे दमेकरी. त्यांनी काय केलं नाही? मृगाला हैदराबादला जाऊन, दम्यावर औषध म्हणून देतात तो जिवंत मासा गिळून आले, लागोपाठ तीन वर्षं. कोजागिरीची खीर चांदण्यात ठेवून पहाटे खाल्ली. मी कधी अडवलं नाही, कारण पंप चालू असायचा. चार वर्षांपूर्वी गावात श्वसनाचं शिबिर झालं. महिन्याभरात वडिलांना इतकं बरं वाटलं की बस. शिबिरात कुणी स्पष्ट म्हटलं नाही की पंप सोडा. पण "नैसर्गिक" आणि "रसायन" हे दोन शब्द इतक्यांदा कानावर पडले की त्यांनी स्वतःच ठरवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. पंप खिशात असायचा, पण ते घेत नव्हते.

दोन महिने काही झालं नाही. हेच वाईट. लगेच त्रास झाला असता तर लगेच पुन्हा सुरू केला असता. दिवाळीच्या आधी कोठीची खोली झाडली, जुन्या गोधड्या झटकल्या आणि त्या रात्री दोन वाजता ते पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेले. बोलता येत नव्हतं, एक शब्द बोलायचे आणि थांबायचे. आणि त्या अवस्थेत ते अनुलोम-विलोम करायचा प्रयत्न करत होते. बोट नाकाला लावलेलं. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

पाच दिवस दवाखान्यात काढले, पहिले दोन आयसीयूत. वाचले. आता पंपही घेतात आणि श्वसनही करतात. आधी पंप, मग चटई.

हिरवाचाफा
१२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी वाचकच असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मुलगी ९ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तीनदा नेब्युलायझरची वाफ द्यावी लागली. डॉक्टरांनी रोजचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लिहून दिलाय, तो आठ दिवस कपाटात पडून आहे. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, स्टेरॉइडने पोरीची वाढ खुंटेल, त्यापेक्षा प्राणायाम शिकवू. त्या वाईट नाहीत, जीव आहे त्यांचा नातीवर. मलाही मनातून भीती वाटतेच. खोटं कशाला बोलू? कुणी नीट समजावेल का?

स्टेथो
१२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. इथे बसून कुणाचा डोस ठरवणार नाही, पण हे प्रश्न रोज कानावर पडतात म्हणून लिहितो.

हिरवाचाफा, सवयीचं आधी. रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइडसारखं औषध सूज उतरवतं. त्याची नशा नाही, तलफ नाही. बंद केलं की त्रास परत येतो, कारण आजार तिथेच असतो. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, त्याला आपण चष्म्याची सवय लागली असं म्हणत नाही.

उंचीचं मात्र खरं सांगायला हवं. काही वर्षं रोज हे औषध घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी साधारण १ सेंटीमीटरने कमी भरते. बहुतेक फरक सुरुवातीच्या काळातच पडतो, दरवर्षी वाढत जात नाही. हे मी पालकांपासून लपवत नाही. पण दर पावसाळ्यात तीनदा आजारी पडणारं, रात्र रात्र खोकणारं, खेळातून बाहेर बसणारं मूलही वाढत नाही. आणि झटका आला की तोंडाने जे स्टेरॉइड द्यावं लागतं, त्याचे चार-पाच दिवसच पंपाच्या कित्येक आठवड्यांना भारी पडतात.

"पंप म्हणजे शेवटचा उपाय, गोळी सौम्य" हा समज तर इतका खोल रुजलाय की मी आकडाच सांगतो. साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे निळ्या पंपातल्याच औषधाच्या, गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळी चाळीसपट. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. खडूफळा, तुमच्या आईंचे हात थरथरायचे ते बहुधा यामुळेच.

आता धाग्याच्या विषयाकडे येतो. श्वासाच्या व्यायामाने लक्षणं कमी होतात, पण सूज कमी होते असं दिसलेलं नाही. इंग्लंडमध्ये ६५५ प्रौढ दमेकऱ्यांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फिजिओथेरपिस्टनी समोर बसवून व्यायाम शिकवले, काहींना तेच चित्रफितीतून, काहींना नेहमीचेच उपचार. व्यायाम करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलं, चित्रफितीवाल्यांचंही तितकंच. पण फुफ्फुसाची क्षमता आणि सुजेच्या खुणा होत्या तिथेच राहिल्या. हे मी व्यायामाला नावं ठेवायला सांगत नाही. रुग्णाचं जगणं सुधारणं ही मोठी गोष्ट आहे, माझी निम्मी औषधं तेवढंही करत नाहीत. पण खडूफळांचं बरं वाटत असतानाचं २९० आणि गोदाकाठांच्या वडिलांचे ते शांत दोन महिने, दोन्हींचा उलगडा इथे होतो.

एक सावधगिरी निळ्या पंपाबद्दलही. तो नळीभोवतीचे स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. एका डब्यात साधारण २०० फवारे असतात. वर्षात असे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो. म्हणून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून सांगायला सुरुवात केली की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच.

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, निळ्या पंपाने उतार पडत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील किंवा पीक फ्लो तुमच्या उत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर ती वेळ व्यायामाची नाही. पंप घेत घेत दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.

चटईवरचा
१३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी योगशिक्षक आहे. लोणावळ्याला शिकलो, कैवल्यधामात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली तीच योग प्रयोगशाळेत तपासून बघायला, त्यामुळे तपासणीची भीती आम्हाला नाही. स्टेथो, तुम्ही इंग्लंडचं सांगितलंत, मी बंगळुरूचं सांगतो. नागरत्ना आणि नागेंद्र यांचा अभ्यास, १९८५, ब्रिटिश मेडिकल जर्नल. ५३ दमेकऱ्यांना योग शिकवला, तेवढेच तुलनेला ठेवले. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषधं कमी लागली आणि पीक फ्लोही सुधारला. म्हणजे नळीपर्यंत काही पोचतच नाही असं ठाम म्हणू नये.

बाकी गोदाकाठांच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांचा रागही आला. माझ्या वर्गात दमेकरी असेल तर पहिल्या दिवशी एकच अट: निळा पंप चटईच्या उजव्या कोपऱ्यात, दिसेल असा ठेवायचा. नसेल तर त्या दिवशी नुसतं बसायचं. औषध कमी करायची गोष्ट निघाली की मी म्हणतो, ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा, मला नाही.

कपालभातीवरून मात्र डॉक्टर मंडळी उगाच घाबरवतात असं माझं मत आहे. तब्येत स्थिर असलेल्याला, हळूहळू वाढवत, जाणत्या माणसासमोर दिली तर कफ मोकळा होतो हे मी पाहिलंय.

श्वासगती
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी फिजिओथेरपिस्ट, गेली पंधरा वर्षं श्वसनाच्या रुग्णांबरोबर काम करते. दादा, उजव्या कोपऱ्यातला पंप फार आवडला, मी माझ्याकडेही सुरू करते.

कपालभातीवर आपलं जमणार नाही. दम्याच्या नळ्या चिडक्या असतात. भराभर हवा आत-बाहेर झाली की त्या कोरड्या आणि थंड पडतात आणि आवळतात. पळाल्यावर दम लागतो तो असाच. भस्त्रिका आणि कपालभातीनंतर खोकत खोकत माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत. तुमच्याकडे जमणारेच टिकतात, न जमणारे माझ्याकडे येतात, म्हणूनही आपली मतं वेगळी असतील. बंगळुरूच्या अभ्यासाचं म्हणाल तर तो मोलाचा आहेच. पण आपण योग करतोय हे करणाऱ्याला ठाऊकच असतं, त्यामुळे अशा अभ्यासांत विश्वासाचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं.

मी काय शिकवते ते सांगते. खुर्चीत टेकून बसा. एक हात छातीवर, एक पोटावर. दोन मिनिटं काही करू नका, नुसतं बघा कोणता हात हलतोय. दम्याच्या बहुतेक माणसांचा वरचा हात हलतो. मग खांदे सैल सोडा, तोंड मिटा, नाकाने छोटा श्वास घ्या. मोठा नको, छोटा! "दीर्घ श्वास घ्या" हे वाक्य लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की ते मडकं भरल्यासारखा श्वास भरतात. दम्यात हवा आत अडकलेली असते, कारण बाहेर पडतानाच नळ्या जास्त आवळतात. आधीच भरलेल्या छातीत आणखी कुठे भरणार? म्हणून सगळं लक्ष सोडण्यावर. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तेवढ्याच जोराने सोडा. सोडून झालं की घाई करू नका, पुढचा श्वास आपोआप येतो. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. झालं.

नाक का, असं मुलं विचारतात. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावा देतं. तोंडाला हे काम येत नाही. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज, नाहीतर सगळी मेहनत वाया.

बुटेको पद्धतीबद्दल बरेच जण विचारतात. कोन्स्तान्तिन बुटेको हे सोव्हिएत डॉक्टर, १९५० च्या दशकात त्यांनी ती मांडली. दमेकरी गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात, तो कमी करायला शिकवा, असं त्यांचं म्हणणं. त्यामागचा कार्बन डायऑक्साइडचा सगळा सिद्धांत मला पटत नाही, पण शांत, कमी, नाकाने हा भाग उपयोगी आहे. त्याने निळा पंप कमी लागतो असं अभ्यासात दिसलंय, फुफ्फुसाची क्षमता मात्र बदललेली नाही. पुन्हा तेच उत्तर. श्वास रोखून धरायची स्पर्धा तेवढी लावू नका.

आणि खडूफळाताई, तुमची चूक मी याआधी दोन जणांत पाहिली आहे, दोघेही नियमित साधक. व्यायाम शिकवताना पंपही समोर घ्यायला लावायचा, हे आम्हा सगळ्यांचं काम आहे. फवाऱ्याच्या पंपाला तुमचा सराव उलट फायद्याचा: आधी पूर्ण सोडणं, सावकाश ओढणं, मग दहा आकडे थांबणं, हे प्राणायाम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी जमतं. पुडीच्या पंपालाच तेवढं लक्षात ठेवायचं. मी रुग्णांना सांगते, पूड जोरात, फवारा सावकाश. आणि पुडीच्या पंपात चुकूनही श्वास सोडू नका, दमट झालेली पूड गोळा होते.

उंबरठा
१३ नोव्हेंबर, रात्री ११:४५

मी २६ वर्षांची आहे. स्थळं बघायला सुरुवात झाल्यापासून आईने पंप देवघराच्या खणात ठेवलाय. पाहुणे असले की मी न्हाणीघरात जाऊन घेते, घाईघाईत, आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून. हलवत नाही, थांबत नाही, फवारा मारला की बाहेर. आज श्वासगतींचं वाचून कळलं की मी गेली दोन वर्षं तो घेतलेलाच नाही. प्राणायाम सगळ्यांदेखत केलेला आईला चालतो, त्याचं कौतुकही होतं.

यारेकाठी
१४ नोव्हेंबर, सकाळी ५:३०

उंबरठा, ताई म्हणून सांगते, पुढच्या वेळी दिवाणखान्यात घे. ज्याला चालणार नाही तो गेलेला बरा.

मी मेलबर्नला असते. आमच्याकडे आत्ता वसंत आहे आणि हा महिना आला की मला २१ नोव्हेंबर २०१६ आठवतो. संध्याकाळी वादळ आलं. हवेत राय गवताचे परागकण ठासून भरलेले. ओलाव्याने ते फुटून इतके बारीक झाले की थेट फुफ्फुसात उतरले. हजारो माणसं दवाखान्यांत धावली, १० जण दगावले. कित्येकांना तोवर दमा आहे हेच माहीत नव्हतं, नुसत्या शिंका येतात असं समजायचे. आणि आपल्याकडची, भारत-श्रीलंकेतून आलेली माणसं त्यात फार होती. माझा नवरा त्यांतलाच एक. रोजचा पंप त्याने हिवाळ्यापासून बंद केला होता, कारण "आता काही होत नाही". दर शनिवारी योगवर्गाला मात्र न चुकता जायचा.

आता इथे ऑक्टोबर ते डिसेंबर वादळी दम्याचा रोजचा अंदाज येतो. आमच्या फ्रीजवर डॉक्टरांनी लिहून दिलेला एक कागद आहे: हिरव्या पट्ट्यात काय, पिवळ्यात काय, लाल आला तर काय. भारतातल्या लोकांनीही असा कागद मागून घ्यावा. रात्री दोन वाजता डोकं चालत नाही, कागद चालतो.

खडूफळा
१४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, दोनदा वाचून काढलं.

व्यनित (खाजगी निरोपात) बऱ्याच जणांनी वहीबद्दल विचारलंय. साधी दोनशे पानी. तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, निळा पंप किती वेळा, आणि शेवटी एक रिकामा रकाना. त्यात मनात येईल ते लिहायचं: फोडणीचा खाट, वर्गात फळा पुसला, शेजारी धूप, रात्री दीडला जाग. सहा महिन्यांनी हा रकाना वाचायला घेतला तेव्हा दिसलं की माझे वाईट आकडे खडूपेक्षा भिंतीच्या ओलीशी जास्त जुळतात. आता पावसाळ्यात पलंग भिंतीपासून हातभर ओढून घेते.

प्राणायाम सोडला का, असंही एकीने विचारलंय. मुळीच नाही! आज पहाटेही केला. फक्त क्रम ठरवून घेतलाय: उठले की मीटर, मग रोटाहेलर, मग खळखळून चूळ, मग चटई. चूळ विसरू नका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. शिकवणाऱ्या बाईला आवाज गमावून कसं चालेल?

उंबरठा, तुझं वाचून मला माझं लग्न ठरतानाचं आठवलं. आईने लपव म्हटलं होतं, मी सांगून टाकलं. तुला व्यनि केलाय.

हिरवाचाफा
२२ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

आठवडाभर लिहायला जमलं नाही, पण सांगायला आलेय. स्टेथोंची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. १ सेंटीमीटरचं वाक्य आलं तशा म्हणाल्या, "हा माणूस खरं बोलतोय." बाकीचं मग नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, स्पेसरने कसं घ्यायचं ते त्यांनी करून घेतलं.

आता सकाळ-संध्याकाळ त्याच देतात. पंप हलवतात, फवारा मारतात आणि पाच श्वास बोटांच्या पेरांवर मोजतात. मला मधे येऊ देत नाहीत. नंतर दोघी भ्रामरी करतात, तिला तो भुंग्यासारखा आवाज काढायला आवडतं. काल मीटर २१० दाखवत होतं, आठ दिवसांपूर्वी १६० होतं.

एकच प्रश्न राहिला. स्पेसर साबणाने धुतला की त्या पंचाने कोरडा, लख्ख पुसून ठेवतात. चालेल ना?

श्वासगती
२२ नोव्हेंबर, रात्री ९:००

२१० वाचून किती बरं वाटलं! आजींना माझा नमस्कार सांगा. पण पुसू नका. घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवायचा, बाहेर काढून झटकायचा आणि तसाच वाळू द्यायचा.

हिरवाचाफा
२२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सांगितलं. पंचा बाजूला ठेवलाय, स्पेसर खिडकीत उभा करून ठेवलाय.